बर्फाचे टायर

आबा,

काल तुमच्या नातीचा फोन आला होता. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, ती जन्मायच्या आधीच तुम्ही गेलात. ती आता राहते त्या देशात थंडीचे चार-पाच महिने रस्त्यावर बर्फ असतो, आणि अशा ठिकाणी राहून तिने हौसेने घेतली काय, तर छोटी, बुटकी, दोन दारांची, सुसाट पळणारी गाडी. हे खूळ कुठून आलं ते मला विचारू नका, तुम्हाला चांगलं माहीत आहे. तिकडे थंडीसाठी गाडीला वेगळे टायर घालतात. आपण दिवाळीनंतर ट्रंकेतून स्वेटर काढतो तसे ते लोक टायर काढतात आणि उन्हाळा आला की पुन्हा ठेवून देतात. दुकानदाराने तिला दोन-तीन तऱ्हा दाखवल्या, तिला काही ठरवता येईना, म्हणून तिने आईला फोन लावला. आईने जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं म्हणजे आईला टायर कळत असणार, असा तिचा हिशेब. मी म्हटलं, अगं, मला बर्फातलं काय विचारतेस, मी बर्फ पाहिला तो उसाच्या रसात. बर्फातलं कळायचं तुझ्या आजोबांना. तर ती म्हणाली, मग आजोबांनी कुठले घ्यायला सांगितलं असतं? फोन ठेवल्यावर मी भाजी निवडायला घेतली आणि ती तशीच पुढ्यात ठेवून बसून राहिले. तुम्ही कुठले सांगितले असते ते मला अगदी नेमकं ठाऊक होतं. सबंध सांगली जिल्ह्यात बर्फाचे टायर करून घेतलेला माणूस तुमच्याशिवाय दुसरा कोण असणार?

तुमची गाडी आली ते वर्ष दुष्काळानंतरचं. पाऊस बरा झाला होता, ऊस पुन्हा उभा राहिला होता आणि तुम्ही पलटणीतून सुभेदार होऊन कायमचे आष्ट्याला आला होता. साताऱ्यात कॅम्पाजवळ तुमचे जुने साहेब राहायचे. लडाखात तुम्ही त्यांच्या तुकडीच्या गाड्या सांभाळल्या होत्या. साहेबांना डोळ्यांनी नीट दिसेनासं झालं होतं आणि लाडकी गाडी परक्याच्या हाती द्यायला त्यांचं मन धजेना. त्यांनी तुम्हाला बोलावून घेतलं आणि तुम्ही मला सोबत नेलंत. तांबडी, बसकी, आत शिरायचं तर आधी डोकं आणि मग उरलेलं अंग घालावं लागायचं. साहेबांनी मुंबईला नेऊन तिला दुसरा कार्बोरेटर बसवून घेतला होता, त्यामुळे तिचा आवाज घसा खाकरल्यासारखा यायचा. साहेब फाटकापर्यंत आले, गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले आणि आपण निघाल्यावर पाठ करून आत गेले. कराड सोडल्यावर रस्ता सरळ लागला तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "धर आता," आणि काय धरायचं ते मला कळायच्या आत ती उडाली. मी तुम्हाला इतकं मोठ्याने हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. घरी आई ओवाळायला ताट घेऊन दारात आली, गाडीकडे सगळीकडून बघून म्हणाली, "आवं, आर्दीच आनलीसा व्हय? दारं दोनच हायती."

मला गाडी शिकवायचं तुमच्या मनात आधीपासून होतं की त्या दिवशी आलं, कोण जाणे. तुम्ही मला रस्त्यावर नाही शिकवलंत. आपल्या खळ्यावर शिकवलंत, ज्वारीची मळणी झाल्यावर, आणि तेही मोटेचं पाणी सोडून खळ्याचा राडा करून. आधी गाडी घसरवायची, मग ती सावरायची आणि सावरायला आली की मग कुठे सरळ चालवायची, असा तुमचा उलटा अभ्यासक्रम. "ह्या गाडीचं बूड हलकं हाय," तुम्ही सांगत होता, "मागनं सुटती ती. सुटली का ब्रेक इसरायचा. ब्रेक नावाची चीज गाडीत न्हाईच, आसं समजायचं. जिकडं बूड जातंय तिकडंच तोंड वळवायचं." मी घसरले की तुम्ही पलटणीतल्या हिंदीत ओरडायचा, "छोड, छोड, छोड," आणि मी ब्रेक सोडायच्या ऐवजी घाबरून स्टेअरिंग सोडायची. आई बांधावर उभी राहून बघत होती. सारवून सारवून गुळगुळीत केलेलं तिचं खळं आपण बापलेकीने डुकरं लोळल्यासारखं करून टाकलं होतं. "पोरीला गाडी शिकिवताय का कुस्ती?" एवढंच ती म्हणाली आणि पुढचे काही दिवस आपल्या दोघांना भाकरी जरा जास्तच करपलेली मिळाली.

मग मला सांगलीला नोकरी लागली. कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत, वर्षापुरती. पहिली सहामाही चांगली गेली. दिवाळी झाली, कारखान्याचा हंगाम सुरू झाला आणि माझी पंचाईत झाली. आष्ट्याहून सकाळची पहिली एसटी निघायची ती उसाच्या गाड्यांच्या मागे अडकायची. प्रयोगाचा तास सकाळचा, मुलं दारात उभी आणि किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स एसटीत आणि एसटी तुंगाजवळ बैलांच्या मागे. तिसऱ्यांदा उशीर झाला तेव्हा प्राचार्यांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, बाई, पुढच्या वर्षी ही जागा कायम होणार आहे, ती तुम्हालाच मिळावी असं मला वाटतं, पण उद्या कुणी विचारलं की ह्या वेळेवर येतात का, तर मी काय सांगू? पुढच्या सोमवारपासून एक दिवस जरी तास बुडाला तरी मला दुसरं माणूस बघावं लागेल.

मी घरी येऊन सांगितलं की मी गाडीने जाणार. तुम्ही चहा बशीत ओतत होता. "हंगाम संपस्तवर जाऊ नगंस," म्हणालात. मी म्हटलं, हंगाम संपेपर्यंत नोकरी थांबायची नाही. "नोकरी काय पळून जाती व्हय?" व्हय, जाती, मी म्हटलं. तुम्ही चहा प्यायलात, बशी खाली ठेवलीत आणि उठून गोठ्यात गेलात. मला वाटलं संपलं. तुमच्याशी वाद घालण्यात अडचण ही होती की तुम्ही वाद घालत नव्हता. एखादी गोष्ट नको म्हणालात की तिच्याकडे पाठ करून बसायचा आणि समोरच्याने बोलून बोलून दमायचं. पण मी तुमचीच मुलगी. मी तुमच्यामागे गोठ्यात आले आणि म्हशीच्या पलीकडे उभी राहून सगळं बोलून घेतलं. एमएस्सीपर्यंत शिकवलंत ते कशाला, खळ्यावर शिकवलंत ते कशाला, ती गाडी दसऱ्याला हार घालायला आणलीय का. म्हैस माझ्याकडे बघत राहिली. शेवटी तुम्ही म्हणालात, "जा. पर टायर मी म्हनीन ते."

हंगामातला आपला रस्ता आता कुणाला सांगून पटायचा नाही, आता तो केवढा रुंद झालाय. तेव्हा एकच गाडी जाईल एवढं डांबर. दोन्ही बाजूला ऊस, आणि पाणी पाजलेल्या रानातून बैलगाड्या थेट रस्त्यावर यायच्या, चाकांना ढेकळंच्या ढेकळं काळी माती घेऊन. ती माती डांबरावर पसरायची, वर रात्रीचं दव पडायचं आणि कृष्णेकडून धुकं यायचं. सकाळी सगळा रस्ता तेल चोपडल्यासारखा चमकायचा. माणसं चालताना पडायची. आणि गाडीचे टायर तर पार गोटा झालेले, साहेबांनी नुसता हात फिरवायला ठेवल्यासारखे गुळगुळीत. त्या मापाचे नवे टायर मिळणं मुश्कील होतं. तुम्ही कराड केलंत, कोल्हापूर केलंत, आणि शेवटी सांगलीतल्या त्या दुकानात आलात जिथे जुन्या टायरवर नवं रबर चढवून द्यायचे. मालक जैन, बोलायला गोड, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मीही बरोबर होते. त्यांनी आपल्यापुढे दोन-तीन टायर मांडले, कुणाच्या नक्षीत लांब सरळ रेघा, कुणाच्या नागमोडी. तुम्ही सगळ्यांवरून बोट फिरवलंत आणि मान हलवलीत.

मग तुम्ही खडू मागून घेतलात आणि दुकानाच्या फरशीवर बसून नक्षी काढलीत. मोठे मोठे ठोकळे, मधे खोल खाचा, ठोकळ्यांच्या कडा करवतीसारख्या. लडाखात असे टायर असत, तुम्ही सांगत होता, ठोकळा बर्फात रुततो आणि बर्फाला धरून ठेवतो. काल रात्री तुमच्या नातीने मला ती बघत असलेल्या टायरचा फोटो पाठवला, आबा, आणि तो बघून मी चष्मा काढून पुसला. तुमचीच फरशीवरची नक्षी. तेच ठोकळे, त्याच करवती कडा. अण्णांनी तेव्हा खाली वाकून ते चित्र बघितलं आणि हळूच म्हणाले, "सुभेदार, ह्यो नमुना जीपला बरा की ओ. ह्या बारक्या गाडीला कशाला एवढं?" तुम्ही विचारलंत, "अण्णा, तुमी बर्फ बघिटलाय का?" ते म्हणाले, न्हाई बा. "मग," तुम्ही म्हणालात, आणि चर्चा तिथेच आटोपली. त्यांच्याकडे लहान जीपचा साचा होता, त्यात जमवून त्यांनी तुम्हाला हवी तशी नक्षी चढवून दिली. शनिवारी संध्याकाळी टायर बसले. गाडी दोन बोटं उंच दिसायला लागली आणि नवरीने पैलवानाचे जोडे घातल्यासारखी दिसायला लागली. बूड हलकं म्हणून तुम्ही मागे डिकीत वाळूचं पोतं टाकलंत. ते मात्र अगदी बरोबर होतं आणि पुढे कितीतरी वर्षं मी वाळूचं पोतं घेऊन कॉलेजात जात होते.

सोमवारपासून मी एकटी जाणार होते. म्हणून रविवारी सकाळी आपण दोघं चाचणीला निघालो, मी चालवायला आणि तुम्ही डाव्या बाजूला, अंगात तुमचा पलटणीतला खाकी कोट. टायर घूं घूं करत होते. मिरजवाडीपर्यंत तुम्ही खूश होता. "बग कसं धरतंय," एकदा म्हणालात. मलाही वाटत होतं की धरतंय. तुंगाच्या अलीकडे वळण आहे, तिथे धुक्यातून उसाच्या गाड्यांची रांग निघाली, आणि त्याच वेळी मला जाणवलं की मी स्टेअरिंग फिरवतेय आणि पुढची चाकं ऐकत नाहीत. मग मागचं बूड सुटलं. गाडी आडवी होत होत थेट पहिल्या बैलजोडीकडे चालली. वेग फार नव्हता, पण ती थांबत नव्हती. बैलांच्या शिंगांना तांबडे गोंडे बांधले होते. गाडीवान दांडीवर उभा राहिला होता. माझा पाय ब्रेककडे गेला आणि शेजारून तुम्ही म्हणालात, ओरडून नाही, अगदी हळू, "छोड दे बेटा." मी सोडला. जिकडे बूड जात होतं तिकडे तोंड वळवलं. गाडीने अर्धी गिरकी घेतली, डांबर सोडलं आणि कडेच्या पाटात एक चाक घालून उभी राहिली. उजवीकडचा बैल माझ्या खिडकीशी होता. त्याच्या श्वासाने काच धुरकट झाली.

तुमचा हात हातब्रेकवर होता. तुम्ही तो ओढला नव्हता. ओढला असता तर काय झालं असतं ते मी नंतर मुलांना बल आणि घर्षण शिकवताना फळ्यावर काढून दाखवायची. तेव्हा मात्र मी फक्त तुमचा हात बघत होते. बोटं पांढरी पडली होती.

गाडीवान माण तालुक्यातला होता, हंगामापुरता बैल घेऊन आलेला. तो खाली उतरला, आधी बैलांच्या पायांकडे बघितलं, मग आपल्याकडे. तुमचा कोट आणि मिशा बघून म्हणाला, "मिल्ट्रीवालं दिसताय. लागलं न्हाई न्हवं?" न्हाई, तुम्ही म्हणालात आणि मग राहवेना म्हणून सांगितलंत, "लडाखात कवा घसरलो न्हाई गड्या मी." तो म्हणाला, "आवं, मग हितं कशापायी घसरला? हितं काय लडाख हाय व्हय?" मागच्या गाड्यांवरचे लोक हसले. तुम्ही चाकाजवळ उकिडवे बसलात आणि बोटाने नक्षी खरवडून बघितलीत. करंजीत सारण भरावं तशी काळी माती ठोकळ्यांच्या मधे गच्च भरली होती. वरून हात फिरवला तर टायर सपाट लागत होता. "गोटा झालाय ह्येचा," तुम्ही म्हणालात, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. गाडीवानाने बैल सोडले, चऱ्हाट बांधलं आणि गाडी ओढून रस्त्यावर घेतली. तुम्ही त्याला तंबाखू दिलीत. तो जाताना म्हणाला, "बाईनं चांगली सोडली हां गाडी. ब्रेक दाबला आस्ता तर माझा बैल ग्येला आस्ता."

मी रस्त्यात उभी होते. किल्ली माझ्या हातात होती. गाडी बंद करून काढून घेतली असणार, कधी ते आठवत नाही. तुम्ही पाटात हात धुतलेत, कोटाला पुसलेत, माझ्याकडे आलात. मग माझ्या शेजारून पुढे गेलात, डावीकडचं दार उघडलंत आणि आत बसलात. मी वळसा घालून माझ्या जागी आले. "हळू जाऊया," एवढंच तुम्ही म्हणालात. आपण आष्ट्याला परतलो नाही. तुम्ही सांगलीकडे बोट दाखवलंत.

हंगामात टायरवाल्याला रविवार नसतो. अण्णा दुकानातच होते. चिखलाने माखलेली गाडी बघून ते उठून उभे राहिले. तुम्ही म्हणालात, "अण्णा, माझा नमुना माती खातोय. आता हिला इच्यारा. गाडी ही चालिवणार हाय." मला तर सांगायचं होतंच. सबंध वाटेत माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. लडाखात बर्फ खोल असतो, तिथे ठोकळ्याला रुतायला जागा मिळते. आपल्या रस्त्यावर चिखल वरवरचा, बोटभर सुद्धा नाही, त्याच्या खाली डांबर आहे. आपल्याला चिखल धरायचाच नाही, चिखल बाजूला सारून डांबराला टेकायचं आहे. आणि ही काळी माती आपोआप झडून जात नाही, खाचेत घुसली की बसते. म्हणून अरुंद टायर, लांब सरळ रेघांचे, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला असतात तसे. मी वर्गात बोलते तशी बोलत होते, हातवारे करून. अण्णा म्हणाले, "तेच सांगणार होतो मी मागं. पण सुभेदारांच्या फुडं बोलायचं कुणी?" तुम्ही फरशीकडे बघत होता. तुमचं खडूचं चित्र तिथे अजून पुसट दिसत होतं. "मला बर्फ सोडून काय दिसंच ना," तुम्ही म्हणालात. मग अण्णांनी मागून चार टायर आणले, रेघांचे, साधे, दिसायला काहीच नसलेले, आणि ते तुम्ही स्वतः जॅक लावून बसवलेत.

बातमी आपल्या आधी आष्ट्याला पोचली होती, दूधवाल्याच्या सायकलवरून. अंगणात आई आणि तिच्याभोवती सगळी आळी. दूधवाल्याच्या बातमीत बैल मेला होता आणि माझा हात मोडला होता. आईने माझे दोन्ही हात दाबून बघितले, मग तुमच्याकडे वळली. "किल्ली घ्या आदी तिच्याकडनं," ती म्हणाली. "नोकरी जाऊंदे चुलीत. तुमी गप बसलासा म्हनून ह्ये झालं. आजच्या आज काय ते सांगा तिला." सगळे तुमच्याकडे बघायला लागले. आळीतले दोन-तीन म्हातारे समजुतीच्या सुरात बोलायला लागले होते, जाऊ द्या सुभेदार, व्हायचं ते झालं, पोरीच्या जातीला गाडी कशाला. तुम्ही टोपी काढलीत. म्हणालात, "किल्ली कशापायी घिऊ? पोरीचं काय चुकलं न्हाई. टायर मी निवडलं. माझं चुकलं."

आबा, आपल्याकडे हे दोन शब्द पुरुष बोलत नसत. पुरुषांना झालेल्या गोष्टीसाठी वेगळी भाषा होती. नशीब होतं, वेळ वाईट होती, तसं व्हायचंच होतं, झालं गेलं. 'माझं चुकलं' हे बायकांनी म्हणायचं, सासूच्या पायांवर डोकं ठेवून, नाहीतर पोरांनी, कान पिळल्यावर. मी शाळेत म्हटलं होतं, आई रोज दिवसातून चारदा म्हणायची, मीठ कमी पडलं तरी म्हणायची. तुमच्या तोंडून ते भर अंगणात, आळीसमोर, माझ्या देखत आलं. म्हातारे वहाणा घालून एकेक करत निघाले. आई पदराने तोंड पुसत स्वयंपाकघरात गेली आणि थोड्या वेळाने तिथून म्हणाली, "हातपाय धुवा. भाकरी थापती मी." त्या भाकऱ्या करपलेल्या नव्हत्या. मला तेव्हा तुमच्या गळ्यात पडावंसं वाटलं होतं, पण आपल्या घरात तसली पद्धत नव्हती.

सोमवारी सकाळी मी निघाले तेव्हा तुम्ही अंगणात दाढी करत होता. आरशातून वळून बघितलं नाहीत. आई नंतर सांगायची की गाडीचा आवाज वेशीपर्यंत ऐकू येईतो तुम्ही वस्तरा हातात धरून तसेच बसला होता आणि गालावरचा साबण वाळून गेला होता. तुंगाजवळ गाड्यांची तीच रांग होती. मी दुसऱ्या गिअरमध्ये, त्यांच्या कडेने, डांबराचा खरखरीत आवाज चाकाखाली शोधत शोधत गेले. तो आवाज आला की टायर टेकलाय हे कळायचं. तास वेळेवर सुरू झाला. त्या रेघांच्या टायरांनी मला कधी घसरवलं नाही, पंक्चर मात्र भरपूर दिली, कारण बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्यांचे खिळे रस्त्यात सांडलेले असायचे आणि ते रेघेत नेमके जाऊन बसायचे. त्यावर तुम्ही मला एका सुट्टीच्या दिवशी दुपारभर चाक बदलायला बसवलंत, नऊवारी नेसल्यासारखा पदर खोचून. पुढच्या वर्षी जागा कायम झाली. त्या गाडीवानाचं बोलणं तुम्ही स्वतःच सगळ्यांना सांगत सुटला होता, हितं काय लडाख हाय व्हय, आणि सांगून झालं की पहिल्यांदा तुम्हीच हसायचा.

ही सगळी गोष्ट मी जन्मभर सांगत आले. वर्गात सांगितली, लेकीला झोपवताना सांगितली, निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात एका सहकाऱ्याने माझ्यासमोर मलाच सांगितली, वर थोडी भर घालून. त्या गोष्टीत मी फार धीट असते. बैल समोर येतो, मी डगमगत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्याने जाते. काल रात्री तुमच्या नातीला पुन्हा फोन करून टायर सांगितले, तुमचेच, ठोकळ्यांचे, आणि ती म्हणाली, आई, तू त्या काळात एवढी कशी गं न घाबरणारी होतीस? मी म्हटलं, होते बाई. असंच उत्तर द्यायची सवय झाली आहे. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाही म्हणूनच निदान तुम्हाला तरी खरं सांगते. त्या रविवारी रस्त्यात उभी होते तेव्हा मी पुरती घाबरले होते. मला ती गाडी नको होती, नोकरी नको होती, सांगलीसुद्धा नको होती. तुम्ही पाटात हात धुऊन माझ्याकडे चालत आलात तेव्हा मी किल्ली मुठीतून काढून तळहातावर घेऊन ठेवली होती. तुम्ही मागाल आणि मी देईन, आणि मग आयुष्यभर म्हणेन की वडिलांनी जाऊ दिलं नाही, एवढं सगळं माझं तेवढ्यात ठरूनही झालं होतं. तुम्ही हात पुढे केला असता तर मी दिली असती, आबा. तुम्ही ती बघितली होती, मला माहीत आहे, आणि तुम्ही जाऊन डावीकडे बसलात.